त्या डिस्कवर काय होतं?

काकूने फोनवर एकच प्रश्न विचारला. "दोन डिस्क होत्या ना? मग जी गेली, तिच्यावर नेमकं काय काय होतं तेवढं सांग. म्हणजे किती रडायचं ते ठरवता येईल." काकू तशी रडणाऱ्यातली नाही. नुकसान किती हे एकदा कळलं की ती पदर खोचून पुढच्या कामाला लागते. पण मला तिला काही सांगताच येईना. दोन्ही डिस्क माझ्यासमोर टेबलावर होत्या. एक धडधाकट, दुसरी टक्-टक् करणारी. तरी "हे हिच्यावर होतं आणि ते तिच्यावर" असं एक वाक्य काही तोंडातून निघेना. "अर्धं अर्धं असेल," असं मी काहीतरी पुटपुटले. त्यावर लगेच पलीकडून आलं, "अर्धं म्हणजे कोणतं अर्धं?"

प्रश्न अगदी साधा होता. कपाट जळालं तर त्यात काय होतं हे घरातलं लहान मूलही सांगतं. इथे मात्र डिस्क माझ्या हातात, तिचं वजन मला कळतंय, तिच्या लेबलवरचा क्रमांक मी वाचून दाखवू शकते, पण तिच्यात काय होतं ते ना मला माहीत होतं, ना काकूला, ना ज्यांनी ती बसवली त्या काकांना. खरं तर कोणाला माहीत असू नये अशीच ती व्यवस्था केलेली होती. हे लक्षात आल्यापासून तो प्रश्न काही डोक्यातून जाईना.

काकूचा संग्रह म्हणजे झाडांचे फोटो. अख्ख्या झाडांचे क्वचितच. बहुतेक पानांचे, देठांचे, सालींचे, शेंगांचे, इतक्या जवळून काढलेले की पानाच्या शिरांमधली लव मोजता यावी. कॅमेरा फाइलला जे नाव देतो ते तिला चालत नाही. प्रत्येक फाइलचं बारसं ती स्वतः करते. आधी झाडाचं नाव, मग पान की फूल की फळ, मग तारीख, आणि ओळख पटली नसेल तर शेवटी "बहुतेक". या "बहुतेक"वर काका तिला चिडवत असत. काकांचा प्रांत वेगळा. जागा संपली की नवी डिस्क आणायची आणि जुन्या जागेला जोडून टाकायची. लिनक्सवर त्यासाठी एलव्हीएम, म्हणजे लॉजिकल व्हॉल्यूम मॅनेजर, आहे. दोन खोल्यांमधली भिंत पाडून एक दिवाणखाना करावा तसं दोन डिस्कचं मिळून एकच मोठं व्हॉल्यूम. काकूला एकच फोल्डर दिसे, आणि तो कधी भरत नसे. काकांना याचा फार अभिमान. मीही तेव्हा कौतुकच केलं होतं, आणि ते कौतुक मी आजही मागे घेणार नाही. चालत असतं तोवर हे काम फार सुंदर चालतं.

चालत असतं तोवर.

एलव्हीएमच्या पोटात शिरलं की पहिल्यांदा त्याचा साधेपणा डोळ्यांत भरतो. प्रत्येक डिस्कचे सारख्या आकाराचे तुकडे पाडायचे. त्यांना एक्स्टेंट म्हणतात, आणि आपण काही वेगळं सांगितलं नाही तर एक तुकडा ४ मेबिबाइटचा असतो (मेबिबाइट म्हणजे मेगाबाइटहून किंचित मोठं माप). एक टेराबाइटच्या डिस्कवर असे २,३८,४६७ तुकडे बसतात. मग एक यादी ठेवायची: लॉजिकल व्हॉल्यूमचा हा तुकडा म्हणजे त्या डिस्कवरचा तो तुकडा. झालं. लिनक्ससाठी हे सगळं हाइन्झ माउल्सहॅगन यांनी १९९८ च्या सुमारास लिहिलं, एचपीच्या युनिक्समधली व्यवस्था नजरेसमोर ठेवून. तेव्हापासून आतलं बरंच बदललं, पण ही यादी ठेवण्याची कल्पना तीच आहे. आणि ती यादी कुठल्या गूढ सांकेतिक स्वरूपात नसते, सरळ वाचता येईल असा मजकूर असतो. प्रत्येक डिस्कच्या सुरुवातीला तिची एक प्रत ठेवलेली असते. धडधाकट डिस्कचा पहिला मेगाबाइट मी कच्चा उघडून पाहिला, तेव्हा निरर्थक चिन्हांच्या रानातून अचानक ओळी दिसायला लागल्या. व्हॉल्यूमचं नाव, एक्स्टेंटचा आकार, कुठला भाग कोणत्या डिस्कवर कितव्या तुकड्यापासून सुरू होतो, महिरपी कंस, बरोबरची चिन्हं. डिस्कची ओळख तिथे एका लांबलचक क्रमांकाने दिलेली असते, यूयूआयडी. ती कोणत्या केबलला जोडली होती हेही लिहिलेलं असतं, पण त्यापुढे शेरा असतो की हा नुसता अंदाज समजावा. डिस्क कुठल्याही सॉकेटला लावा, व्यवस्था तिला क्रमांकावरून ओळखते.

काकांच्या मशीनची सिस्टीम सुदैवाने तिसऱ्याच, छोट्या डिस्कवर होती. तिथल्या एका फोल्डरमध्ये एलव्हीएम आपल्या यादीच्या जुन्या प्रती आपणहून साठवत असतं. कोणताही बदल करण्याआधी एक प्रत, आणि त्या प्रतीत "अमुक कमांड चालवण्याआधी" अशी नोंद. मी त्या एकामागून एक उघडत गेले. आधी एक डिस्क. मग तिच्यावरचं व्हॉल्यूम थोडं वाढवलेलं. मग पुन्हा थोडं. मग दुसरी डिस्क सामील झालेली, आणि व्हॉल्यूम तिच्या अंगावर पसरलेलं. काकूचा छंद किती वाढत गेला याची इतकी नेटकी नोंद घरात दुसरीकडे कुठेही नसेल. पण फोटोबद्दल त्यात अवाक्षर नाही. एलव्हीएमला फाइल म्हणजे काय हे माहीतच नसतं. त्याच्या लेखी सगळे तुकडे सारखेच: वडाचं पान असो, रिकामी जागा असो, नाहीतर कधीच पुसून टाकलेलं काही असो.

दुसऱ्या डिस्कचा आवाज अजून कानात आहे. हार्ड डिस्कचं वाचणारं डोकं तबकडीपासून काही नॅनोमीटर वर तरंगत असतं. तबकडी मिनिटाला ७,२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. एखादा सेक्टर, म्हणजे तबकडीवरचा लहानसा कप्पा, वाचता आला नाही की डिस्क हार मानत नाही. पुढच्या फेरीला पुन्हा बघते, त्याच्या पुढच्या फेरीला पुन्हा. आपल्याला फक्त मशीन गोठल्यासारखं वाटतं. मग ते डोकं मागे जाऊन आपल्या जागेवर बसतं, पुन्हा येतं, आणि तोच टक् असा आवाज होतो. अशा वेळी माणसाला पटकन काहीतरी करावंसं वाटतं. दुरुस्तीचं सॉफ्टवेअर चालवावं, फोल्डर उघडून महत्त्वाचं तेवढं ओढून घ्यावं. मरायला टेकलेल्या डिस्कला यापेक्षा वाईट वागणूक नाही. फोल्डर उघडला की डोकं इकडून तिकडे धावतं आणि उरलंसुरलं आयुष्य त्या धावपळीत संपतं. तिच्याकडून एकच गोष्ट करून घ्यायची: पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत जे वाचता येईल ते दुसऱ्या, नव्या डिस्कवर उतरवून घ्यायचं. काय आहे ते बघायचं नाही. निवड करायची नाही. (आणि डोकं तबकडीला घासल्याचा खरखर आवाज येत असेल, तर हेही करायचं नाही, डिस्क बंद करून ती उघडू शकणाऱ्या प्रयोगशाळेकडे द्यायची. इथे तशी वेळ नव्हती.)

या कामासाठी डीडीरेस्क्यू नावाचा एक प्रोग्राम आहे, आंतोनियो दियास दियास यांनी लिहिलेला. त्याचा स्वभाव मला फार आवडतो. तो अडलेल्या ठिकाणी अडून बसत नाही. खराब भाग लागला की तो तिथून उडी मारून पुढे जातो आणि आधी सोपं ते सगळं गोळा करतो. मग उलट दिशेने येऊन सुटलेले भाग बघतो. मग त्यांच्या कडा कुरतडतो, आणि अगदी शेवटी एकेक सेक्टर खरवडायला बसतो. काय वाचलं, काय राहिलं, याची नोंद तो एका वेगळ्या फाइलमध्ये ठेवतो, त्यामुळे मध्येच वीज गेली तरी काम पहिल्यापासून करावं लागत नाही. स्क्रीनवर आकडे हलत राहतात. त्यातली एक ओळ असते, शेवटचं यशस्वी वाचन होऊन किती वेळ झाला ते सांगणारी. बहुतेक वेळ तिथे शून्य असतं. मग एखाद्या ठिकाणी तिथे मिनिटं चढायला लागतात, वेग मेगाबाइटवरून बाइटवर येतो, आणि आपण खुर्चीत पुढे सरकतो. आपल्या बघण्याने काही होणार नसतं. तरी उठवत नाही.

त्या बसण्यात मी काकूच्या प्रश्नाचा विचार करत होते. वस्तू नेमकी कुठे आहे हे विसरायला संगणकांनी आपल्याला टप्प्याटप्प्याने शिकवलं. १९५६ साली आयबीएमने पहिली हार्ड डिस्क आणली तेव्हा तिच्यात २४ इंची ५० तबकड्या होत्या आणि सगळ्या मिळून ५० लाख अक्षरं मावायची. त्या काळी नोंद कुठल्या तबकडीवर कुठल्या वर्तुळात आहे हे प्रोग्राम लिहिणाऱ्याला ठाऊक असावं लागे. पुढे घरगुती संगणकांतही बरीच वर्षं सिलिंडर, हेड, सेक्टर असा तीन भागांचा पत्ता होता. मग तो गेला आणि सेक्टरना नुसते ओळीने क्रमांक आले. पण तो क्रमांकही पुरता खरा नव्हे. एखादा सेक्टर लिहिताना खराब निघाला तर डिस्क स्वतःच त्याच्याऐवजी राखीव जागेतला दुसरा वापरते आणि कोणाला कळू देत नाही. फक्त तिच्या स्वतःच्या प्रकृतीच्या तक्त्यात, पाचव्या क्रमांकाच्या नोंदीत, एक आकडा वाढतो. काकांच्या डिस्कचा तो तक्ता कोणी उघडून बघितला असता तर हे आजारपण आधीच दिसलं असतं, पण तो उघडून बघतं कोण? त्यावर पार्टिशन, त्यावर एलव्हीएम, त्यावर फाइलींचा हिशेब ठेवणारी फाइलसिस्टीम, त्यावर फोल्डर, आणि सगळ्यात वर काकूचं "बहुतेक". प्रत्येक थर खालच्या थराला म्हणतो, तू कुठे ठेवतोस ते मला सांगू नकोस, मागेन तेव्हा दे म्हणजे झालं. आपली सगळी सोय या न सांगण्यावर उभी आहे. आणि डिस्क गेली की हेच सगळे थर उलट्या क्रमाने उतरावे लागतात.

नक्कल पूर्ण झाली. फार थोडा भाग वाचायचा राहिला होता, पण त्यात नेमकी डिस्कची सुरुवात होती. म्हणजे ओळखपत्रच गेलेलं. एलव्हीएमचं लेबल डिस्कच्या पहिल्या चार सेक्टरांपैकी एकात असतं, सहसा दुसऱ्यात. ते नाही म्हटल्यावर नवी डिस्क कितीही भरलेली असली तरी व्यवस्थेच्या लेखी कोरी. "अमुक क्रमांकाची डिस्क सापडत नाही," एवढंच उत्तर. अशा अवस्थेत एलव्हीएम व्हॉल्यूम सुरूच करत नाही. फारच आग्रह केला तर अर्धवट सुरू करतं, आणि हरवलेल्या डिस्कच्या जागी नुसती त्रुटी बसवतं. तिथे हात लावाल तिथे "वाचता येत नाही". यावरचा उपाय ऐकायला भयंकर आहे. नव्या डिस्कवर पीव्हीक्रिएट ही कमांड चालवायची, म्हणजे एरवी जी कोऱ्या डिस्कला एलव्हीएमच्या कामाला जुंपताना वापरतात तीच. फक्त सोबत जुना यूयूआयडी द्यायचा आणि जपून ठेवलेल्या यादीची फाइल दाखवायची. मग ती आधीचाच क्रमांक लावते, आणि खरा डेटा जिथून सुरू होतो त्या जागेला शिवत नाही. २,०४८ वा सेक्टर, म्हणजे बरोबर एक मेबिबाइट. त्याच्या अलीकडेच सगळं लिहिते. मला हे माहीत होतं. वाचलेलं होतं, आधी करून पाहिलेलं होतं, आणि त्या नकलेचीही आणखी एक नक्कल काढून ठेवली होती. तरीसुद्धा जे वाचवायचं आहे त्याच्यावर "तयार कर" अशी कमांड टाइप करताना एंटरवर बोट काही क्षण तसंच राहिलं.

मग जुनी मांडणी परत बसवली आणि व्हॉल्यूम उभं राहिलं. जुनी, टकटकणारी डिस्क तोवर मशीनपासून दूर ठेवलेली होती, आणि ते आवश्यकच होतं. एकाच क्रमांकाच्या दोन डिस्क दिसल्या की एलव्हीएम गोंधळतं आणि पुढे जायला नकार देतं. एकटी आली तर मात्र कसलीही शंका घेत नाही. नव्या डिस्कला ते जुनीच समजलं. कंपनी वेगळी, आकार वेगळा, तरी यादीतला तो क्रमांक लागला आणि ती पूर्वीपासूनचीच झाली. मला याचं हसू आलं, आणि थोडं चमत्कारिकही वाटलं.

इथून पुढचा मोह म्हणजे एफएससीके. फाइलसिस्टीम दुरुस्त करणारा तो प्रोग्राम फार शिस्तीचा आहे, पण त्याची शिस्त फाइलसिस्टीमशी असते, आपल्या फोटोंशी नव्हे. हिशेब जुळत नसेल तर जुळवण्यासाठी तो वस्तू टाकूनही देईल. म्हणून आधी नुसतं वाचण्यापुरतं माउंट करायचं, म्हणजे उघडायचं, तेही जर्नल, म्हणजे करायच्या बदलांची नोंदवही, चालू न देता. कारण ईएक्सटी४ ही इथली फाइलसिस्टीम नुसतं वाचायला उघडलं तरी जर्नलमधलं राहिलेलं काम उरकायला जातं, आणि ते काम लिहिण्याचं असतं. जे दिसेल ते बाहेर काढून घ्यायचं. दुरुस्ती नंतर, आणि तीही नकलेच्या नकलेवर.

बहुतेक फोटो जसेच्या तसे निघाले, नावासकट, "बहुतेक"सकट. दुरुस्तीनंतर काही लॉस्ट अँड फाउंड नावाच्या फोल्डरमध्ये सापडले. फाइलचं नाव फाइलमध्ये नसतंच. ते फोल्डरच्या नोंदीत असतं. ती नोंद ज्या जागी होती ती जागा गेली, की धड राहतं आणि नाव जातं. मग तिथे नुसता इनोडचा, म्हणजे फाइलसिस्टीममधल्या त्या फाइलच्या नोंदीचा, क्रमांक लागतो. याहून टोकाचा उपाय फोटोरेकसारख्या प्रोग्रामचा. तो फाइलसिस्टीमकडे बघतच नाही. सेक्टरमागून सेक्टर चाळत जातो आणि जेपेगची सुरुवात ज्या तीन बाइटांनी होते, एफएफ, डी८, एफएफ, ती दिसली की तिथून फोटो उचलतो. मिळालेल्या फाइलला तो नाव देतो ते सेक्टरच्या क्रमांकाचं. नावं देण्याच्या दोन पद्धतींची, काकूच्या आणि याच्या, ही गाठ मला विलक्षण वाटली. तिच्या नावात सगळं होतं, फक्त ठिकाण नव्हतं. याच्या नावात ठिकाणाशिवाय काहीच नाही. कशाचं पान आहे, कोणत्या ऋतूतलं आहे, तिला खात्री होती की नव्हती, सगळं गेलं. ते काकूला दाखवल्यावर ती म्हणाली, "हे फोटो आहेत गं, पण माझे नाहीत."

आणि काही अर्धे निघाले. एका शेंगेच्या फोटोत वरचा भाग स्वच्छ, शेंगेच्या सालीवरचे ठिपकेसुद्धा ठळक, आणि मग मध्येच एका आडव्या रेषेपासून सगळं बाजूला सरकलेलं, रंग जांभळट, आणि खाली नुसती राखाडी. डिस्कवरचा एक खरा सेक्टर ४,०९६ बाइटांचा. तेवढाच एक वाचता आला नव्हता. पण जेपेगमध्ये पुढचं सगळं मागच्यावर अवलंबून असतं. मध्ये एवढीशी फट पडली की पुढचं सगळं तोल जाऊन पडतं.

आता मात्र काकूला उत्तर देता येणार होतं. डीडीरेस्क्यूच्या नोंदीत न वाचलेल्या जागा होत्या. त्यातल्या एकेका जागेवरून थर चढत वर जायचं. समजा, दुसऱ्या डिस्कवरचा १०,००,०२,०४८ वा सेक्टर. त्यातून सुरुवातीचे २,०४८ वजा करा, ८,१९२ ने भागा, कारण एका एक्स्टेंटमध्ये तेवढे सेक्टर (इथे मोजणीतले, ५१२ बाइटांचे). १२,२०७ क्रमांकाचा एक्स्टेंट आला, त्याच्या आत २५६ सेक्टर. यादीवरून तो व्हॉल्यूममध्ये कितवा ते काढा: पहिल्या डिस्कचे २,३८,४६७ त्यात मिळवा, २,५०,६७४. त्यावरून फाइलसिस्टीमचा ब्लॉक. मग डीबगएफएसला, म्हणजे फाइलसिस्टीमच्या आत डोकावणाऱ्या प्रोग्रामला, विचारा, हा ब्लॉक कोणत्या इनोडचा? मग पुन्हा विचारा, या इनोडचं नाव काय? आणि त्या सगळ्या आकडेमोडीच्या शेवटी स्क्रीनवर एक ओळ येते: करंज, शेंग, तारीख, बहुतेक. पहिल्यांदा असं नाव आलं तेव्हा मी चक्क टाळी वाजवली. दुःखाची यादी करत होते, पण आनंद झाला खरा.

पुढचं काम छोट्याशा स्क्रिप्टने केलं. बऱ्याच जागा कोणाच्याच नव्हत्या, रिकाम्या. उरलेल्यांची यादी काकूला पाठवली. तिने चष्मा लावून ती पूर्ण वाचली आणि फोन केला. यातले काही फोटो तिने दोनदोनदा काढलेले होते, काही तिला आवडतच नव्हते, आणि करंजाची ती शेंग करंजाची नव्हतीच, हे तिला मागेच कळलं होतं, नाव बदलायचं राहून गेलं होतं. मोजक्या फोटोंपाशी मात्र ती थांबली. एक झाड पुढे तोडलं गेलं होतं. त्याबद्दल ती फार बोलली नाही. "ते एक वाईट झालं," एवढंच.

नव्या मांडणीवरून मात्र घरात चर्चा झडली. काकांना पुन्हा दोन डिस्कचं एक मोठं व्हॉल्यूम हवं होतं. मी त्यांना सांगितलं की त्यात कोणतीही एक डिस्क गेली तरी सगळं अडतं, म्हणजे डिस्क वाढवाल तशी धास्ती वाढते. शेवटी दोन्हींवर तेच, असा मिरर केला, आणि बॅकअपसाठी तिसरी डिस्क वेगळी, काम झालं की काढून ठेवायची. मिरर असताना बॅकअप कशाला, हे त्यांना पटायला वेळ लागला. चुकून पुसलेला फोटो मिररमध्ये दोन्हीकडून एकाच वेळी पुसला जातो, हे करून दाखवलं तेव्हा पटलं. पण तीन डिस्क आणि जागा एकीचीच, हे त्यांच्या हिशेबात अजून बसत नाही. आता ती जागाही भरत आली आहे, आणि कोणते फोटो काढून टाकायचे यावरून सध्या दोघांचं वाजलेलं आहे.